पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी का ओढत नव्हती

माझ्या डिझेल हॅचबॅकचा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला, असं मी धरूनच चाललो होतो. तिसऱ्यात झेपावणारी गाडी पहिल्या-दुसऱ्यात मात्र मरगळलेली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप तपासले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी स्कॅनर लावला. पहिल्यात पेडल पूर्ण दाबूनही ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टॉर्क (फिरवणारा जोर) मुद्दाम कमी मागत होता, तिसऱ्यात पूर्ण. म्हणजे बिघाड नव्हताच!

हिशोब केला. पहिल्याचं गुणोत्तर ३.५, फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) ३.९. दोन्हींनी गुणलं की इंजिनाचा २०० न्यूटन-मीटर टॉर्क चाकांशी सुमारे २,७०० होतो. पुढच्या टायरांची पकड त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. उरलेला जोर फक्त रबर जाळणार, नाहीतर गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टच्या जिवावर उठणार.

पण दुसऱ्यातला आळस? तो माझाच. मी पहिल्यातून २,००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दुसरा टाकायचो. दुसऱ्याचं गुणोत्तर १.९, त्यामुळे इंजिन थेट १,१०० वर यायचं, तिथे टर्बो झोपलेलाच. आता चढावर पहिला ३,२०० पर्यंत ओढतो. दुसरा पडतो १,७०० च्या वर आणि गाडी लगेच उचलते. रिमॅपवाल्याने (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून देणाऱ्याने) पहिल्यातली टॉर्कची मर्यादा काढून देतो म्हटलं होतं. नको म्हटलं, गिअरबॉक्स काय स्वस्तात येतो?