डोमेनचं नूतनीकरण महाग पडतंय? मुदत संपायच्या आधी विक्रेता बदला

पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेल्या डॉट कॉम नावाचं (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, डोमेनचं) दुसऱ्या वर्षीचं बिल कित्येक पट येतं. ते मुकाट्याने भरू नका. डॉट कॉमचा घाऊक दर ठरलेला असतो (सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला), पण विक्रेत्याने वर किती घ्यायचे यावर बंधन नाही. म्हणून दुकान बदलणं परवडतं.

१. मुदत संपायच्या महिनाभर आधी दोन-तीन विक्रेत्यांचे दर बघा. नूतनीकरणाचाच दर बघा, जाहिरातीतला नको. जीएसटी धरूनच तुलना करा.

२. जुन्या विक्रेत्याच्या खात्यात डोमेनचं लॉक (दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) काढा आणि ट्रान्सफरचा कोड, म्हणजे हलवण्यासाठीचा पासवर्ड, मागा. आयकॅनच्या (डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे तो पाच दिवसांत द्यावाच लागतो, त्यामुळे कोणी टोलवाटोलवी केली तर नियमावर बोट ठेवा.

३. नव्या विक्रेत्याकडे कोड टाकून पैसे भरा. त्याच पैशात मुदत एक वर्षाने वाढते आणि जुने उरलेले दिवसही बुडत नाहीत. घाई करून आधीच हलवलं तरी नुकसान नाही, ते यामुळेच.

नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) जुन्याच विक्रेत्याचे असतील तर डीएनएसच्या नोंदी, म्हणजे वेबसाइट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या नोंदी, आधी उतरवून घ्या आणि नव्या जागी भरा, नाहीतर ईमेल बंद पडू शकेल.

आणि हे सांभाळा: ट्रान्सफरच्या तोंडावर मालकाचं नाव किंवा ईमेल बदलू नका. त्याने ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं, आणि तोवर मुदत संपली तर जुनंच बिल भरावं लागेल.