नागपूरचा उन्हाळा अन् घरचा कुत्रा: या चुका टाळा

दोन वर्षांआधीची गोष्ट, नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता आणि आम्ही सगळे दुपारी एका साक्षगंधाला गेलो. शेरूला, म्हणजे आमच्या लॅब्रॅडॉरला, हॉलमध्ये ठेवलं, आतला कुलर फुलवर लावला आणि झळ यायला नको म्हणून खिडक्या-दारं सगळी बंद केली. तीन तासांनी आलो तर तो फरशीवर आडवा, जीभ गडद लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा, हाक मारली तर नुसते डोळे फिरवले. त्या दिवशी तो वाचला, पण आमच्या हातून काय काय चुकलं ते सांगायलाच हवं, कारण ह्या चुका मला आजही घरोघरी दिसतात.

पहिली चूक हीच, बंद खोलीत कुलर. आपल्याला घाम येतो, हवा लागली की तो वाळतो आणि गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या तळव्याला, बाकी सगळं काम धापा टाकून, जिभेवरचं आणि श्वासातलं पाणी उडवून चालतं. खिडकी बंद असली की कुलर खोलीत नुसती दमट हवा भरत जातो, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी उडतच नाही, मग तो कितीही धापला तरी आतला ताप उतरत नाही. म्हणून कुलरसमोरची एक खिडकी उघडी ठेवाच, हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापणंही नीट जमत नाही, त्यांना दुपारी एकटं सोडूच नका.

दुसरी चूक मी घाबरून केली. त्याला उचलून बाथरूममध्ये नेलं आणि नळ सोडला, तर पाणी इतकं गरम की माझाच हात भाजला! गच्चीवरची टाकी दुपारी अशीच तापते हे आयुष्यभर माहीत असून त्या क्षणी डोक्यात आलं नाही. शेवटी माठातलं आणि रांजणातलं पाणी तांब्यांनी पोटावर, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतलं आणि टेबल फॅन लावला. मे महिन्यात एक झाकलेली बादली भरून सावलीत ठेवतच जा. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि उलट उष्णता कोंडतो. आणि शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जातं.

कुत्र्याचं नॉर्मल टेम्परेचर 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, शेरूचं डॉक्टरांकडे 106 निघालं, आणि तेही घरी इतकं पाणी ओतल्यावर. ऊन लागलेला कुत्रा उठून बसला, पाणी प्यायला, तरी डॉक्टरकडे न्याच, कारण किडनीचा त्रास किंवा आतला रक्तस्राव दोन-तीन दिवसांनीही वर येतो. आधी गार करायला सुरुवात करा, मग गाडी काढा.

आता आपल्याकडची खास चूक, कांदा. उन्हात जाताना आपण खिशात कांदा ठेवतो, जेवताना फोडून खातो, तर काही लोक मायेनं कुत्र्यालाही भरवतात, का तर ऊन लागत नाही! कांदा-लसूण, कच्चं असो की शिजलेलं, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं, आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसत असल्यामुळे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. रस्सा-भातसुद्धा त्याच कारणाने नको. ताप वाटला म्हणून घरातली माणसांची गोळीही नको, ब्रुफेनने पोटात अल्सर होतो, किडनीला मार बसतो. आणि अंग गरम, खाणं बंद, सुस्त पडला, म्हणजे दरवेळी ऊनच असतं असं नाही, गोचीड ताप असू शकतो, कानाच्या मागे आणि बोटांच्या फटीत बघा आणि रक्त तपासून घ्या.

हस्की, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर यांचं टक्कल करून आणतात लोकं, तेही चुकीचं. त्यांच्या केसांचा दुहेरी थर ऊन थेट कातडीपर्यंत जाऊ देत नाही. मेलेले केस विंचरून काढा, बस.

फिरायला सकाळी सातच्या आत न्या. संध्याकाळी सहाला सावली दिसते म्हणून फुटाळा तलावाकडे निघू नका, डांबर तेव्हाही तापलेलंच असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर 7 सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पार्किंगमधल्या बंद कारमध्ये तर पाच मिनिटंही नको.

अजून एक, कुत्रा कुंडीतली ओली माती उकरून त्यात पोट टेकून बसला की आपण ओरडतो. शेरू हल्ली दुपारभर रांजणाखालच्या ओल्या रेतीत पाय पसरून पडलेला असतो, सगळं पोट चिखलाने माखतं, फरशी खराब होते, आई संध्याकाळी पुसून घेते, पण त्याला तिथून कोणी उठवत नाही.