जुन्या कथासंग्रहाची पहिली आवृत्ती ओळखताना

तालुक्याच्या रद्दीवाल्याकडे कागदी बांधणीचा कथासंग्रह दिसला की आधी मुखपृष्ठ नाही, शीर्षकपानाची मागची बाजू पाहा. ‘पुनर्मुद्रण’ किंवा ‘दुसरी आवृत्ती’ असेल तर वाचायला घ्या, संग्रहाला नको. साल शकात असल्यास ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९.

ते पानच फाटलंय? मग किंमत बघा. आण्यांत असेल तर छपाई बहुधा १९५७ च्या आधीची, ‘नवे पैसे’ असतील तर साधारण १९५७ ते १९६४ मधली. मात्र वर चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

वाचनालयातून निघालेल्या प्रतींवर पुठ्ठा चढवताना मूळ वेष्टन बरेचदा फेकलेलं असतं, कडाही छाटलेल्या असतात. म्हणूनच वेष्टनासकट प्रत दुर्मीळ. तिला शिक्का असला तरी सोडू नये.

विदर्भातल्या उन्हाळ्यात कण्याचा डिंक वाळून तडकतो, त्यामुळे पुस्तक पूर्ण उलगडू नका. सेलोटेप तर मुळीच नको, डाग कायमचा राहतो. गंजलेल्या पिना बोथट सुरीने हळूच उचकटा. कपाट मातीच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, वाळवी तिथूनच येते.