झाडबेडकाची परसात सोय
पाटणला आमच्या न्हाणीत दर पावसाळ्यात झाडबेडूक येतो. बदामी अंग, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. धरून बरणीत ठेवू नका, परसातच सोय करा. सावलीत जुनी सिमेंटची टाकी ठेवून पावसाचं पाणी भरा. वर झुकती फांदी हवीच, कारण मादी पाण्यावर लोंबणारं फेसाचं घरटं करते आणि पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. फेस वाळलेला दिसला तरी खरवडू नका. मी एकदा खरवडला, अजून वाईट वाटतं. मासे सोडू नका, ते पिल्लं खातात. डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने काढा. फवारणी बंद. उचलावाच लागला तर हात नुसत्या पाण्याने ओले करा. तो कातडीनेही श्वास घेतो, साबण सोसत नाही.