रंगमंचावरची रंगीत काचेची खिडकी: या चुका टाळा

माझी पहिली खिडकी तालमीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली सगळ्यांना आवडली होती. दुधी ॲक्रिलिक शीट, तिच्यावर निळा आणि लाल पोस्टर कलर, वरून काळ्या रेघा. रंगीत तालमीला मागून हॅलोजन लावला आणि अख्खी खिडकी काळी ठिक्कर पडली. जिथे ब्रशचा हात हलका पडला होता, तेवढेच पांढरे ओरखडे फटफटीत दिसत होते. प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. रात्रभर बसून आम्ही ती शीट खरवडली आणि मागून जिलेटिन, म्हणजे दिव्यांना रंग द्यायचा पारदर्शक रंगीत कागद, चिकटवलं.

तेव्हा समजलं ते आजही प्रत्येक खिडकीच्या वेळी आधी आठवतं. स्टेन्ड ग्लास म्हणजे मागून येणारा उजेड रंगातून गाळून पुढे सोडायची चाळणी. पोस्टर कलर, प्लास्टिक पेंट, ऑइल पेंट हे सगळे उजेड अडवतात. इथे पारदर्शक रंगच लागतो: काचेवर वापरायचे ग्लास कलर, दिव्यांसमोर लावतात ते जिलेटिन, कापडाचे पातळ रंग, किंवा सुतार फर्निचरला मारतात त्या लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिटात विरघळणारा रंग मिसळून केलेलं मिश्रण. हे शेवटचं रंगभूमीवर फार जुनं आहे आणि मला सगळ्यात आवडतं. पॉलिश वाळताना कुठे जाड, कुठे पातळ राहतं आणि खऱ्या काचेतला असमानपणा आपोआप येतो. मात्र स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम दारं-खिडक्या उघड्या ठेवून करा आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट पेटवणार नाही हे बघा.

कोणताही रंग घ्या, आधी तुकड्यावर लावा, मागून कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. हातात धरून बघू नका.

उजेडाचा विचार शेवटी करणं

नेपथ्यकार खिडकी बनवतो आणि सेट उभा राहिल्यावर प्रकाशयोजनाकाराला म्हणतो, "मागून एक लाइट दे." एक लाइट दिला की खिडकीच्या मधोमध पांढरा गोळा दिसतो आणि कडा अंधारात जातात. प्रेक्षकाला खिडकीवर रंगवलेला संत दिसत नाही, बल्ब दिसतो. खिडकीमागे तीन-चार फूट जागा असेल तर तिथे पांढऱ्या कापडाची चौकट उभी करा, दिवे तिच्यावर मारा आणि परतून येणारा उजेड खिडकीत येऊ द्या. पण बहुतेक नाट्यगृहांत फ्लॅट, म्हणजे सेटची चौकटीवरची खोटी भिंत, आणि नाट्यगृहाची मागची भिंत यांच्यामध्ये दीड-दोन फूटच मिळतात. तिथे खिडकीला मागून खोका करा, आतून पांढरा रंगवा, कडेने एलईडी पट्ट्या फिरवा आणि खिडकीच्या मागे पाच-सहा इंचांवर बटर पेपर किंवा दुधी शीट ताणून लावा. खोक्याच्या फटींना आतून काळी टेप मारा, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये भिंतीवर उजेडाच्या रेघा उमटतात. खोका नसेल तर दिव्यांच्याही मागे काळा पडदा हवा. बॅकस्टेजचा मुलगा चहा घेऊन तिथून गेला आणि त्याची सावली चर्चच्या खिडकीवरून सरकली, तर त्या प्रसंगाचं काही उरत नाही.

हॅलोजनच्या पिवळसर उजेडात निळा रंग कमी असतो, म्हणून निळी काच मरगळते आणि लाल, केशरी, पिवळी पेटून उठते. थंड पांढऱ्या एलईडीत उलट होतं. दुकानातल्या उजेडात रंग निवडला तर रंगमंचावर वेगळाच निघणार. ज्या दिव्यापुढे खिडकी लागणार आहे, त्याच दिव्यापुढे रंग निवडा. आणि दौऱ्यावर खिडकीचे दिवे स्वतःचे न्या, कारण पुढच्या नाट्यगृहात काय मिळेल याचा भरवसा नसतो.

उष्णतेचंही बघा. ॲक्रिलिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि हजार वॅटचा हॅलोजन जवळ ठेवला की शीट तेवढी तापायला वेळ लागत नाही. जिलेटिन आधी आकसतं, मग फिकट होतं. प्रयोगाचा सगळ्यात लांब प्रवेश जितका वेळ चालतो तितका वेळ दिवा चालू ठेवा आणि शीटच्या मागच्या बाजूला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर दिवा मागे सरकवा.

पुढून येणारा उजेडही खिडकी मारतो. नटांवरचे स्पॉट चकचकीत शीटवर आदळले की प्रेक्षकांना खिडकीत दिव्यांच्या रांगा दिसतात. खिडकी वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवली की ती परावर्तनं जमिनीकडे जातात. शीटची पुढची बाजू 400 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासली तर चमक मरते आणि रंगही धरून बसतो. शीटवरचं संरक्षक आवरण काढल्याशिवाय रंगवू नका. हे सांगायची गरज वाटू नये, पण घाईत ते राहून जातं आणि मग रंगासकट सोलून निघतं.

रेघा बारीक काढणं

खऱ्या खिडकीत काचांचे तुकडे जोडणारी शिशाची पट्टी साधारण बोटभरही रुंद नसते. तेच माप घेतलं तर रंगमंचावर रेघ नाहीशी होते, कारण दोन्ही बाजूंचा उजेड तिच्यावर सांडतो आणि रेघ डोळ्यांनी खाल्ली जाते. मोठ्या नाट्यगृहासाठी रेघ दोन-अडीच सेंटिमीटर धरा, मधल्या उभ्या खांबाला त्याच्या दुप्पट. थ्री-डी आउटलायनरची, म्हणजे नळीतून दाबून काढायच्या उठावदार रंगाची, बारीक नक्षी घरच्या दिवाणखान्यातल्या खिडकीला शोभते, पण पंधराव्या रांगेतून ती कोणालाही दिसत नाही.

रेघ नुसती काळी असून भागत नाही, तिने उजेड पूर्ण अडवला पाहिजे. ब्रशने मारलेल्या काळ्या रंगातून मागचा उजेड तपकिरी झिरपतो. मी पातळ प्लायवूडमध्ये जिगसॉने जाळी कापून घेतो आणि रंगीत शीट तिच्या मागे लावतो. वेळ जातो, पण शीटला आधार मिळतो आणि रेघेला थोडी जाडीही येते, त्यामुळे कडेने बसलेल्या प्रेक्षकालाही ती खरी वाटते. एवढं जमणार नसेल तर काळी इन्सुलेशन टेप पुढून आणि मागून, एकावर एक बरोबर बसेल अशी लावा.

चित्र काढताना कारागिराच्या हाताने विचार करा. काचेचा प्रत्येक तुकडा वेगळा कापून जोडलेला असतो, म्हणून रेघ तुकड्याच्या मधोमध येऊन थांबत नाही. ती दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला जाऊन मिळते. खोल आत वळणारे टोकदार कोपरे काचेत कापता येत नाहीत, तिथे आणखी एक रेघ येते. चेहऱ्यावरचे डोळे, नाक मात्र रेघांनी बनत नाहीत, ते एकाच तुकड्यावर तपकिरी-काळ्या रंगाने रंगवून भट्टीत पक्के केलेले असतात. आणि मोठ्या खिडकीवर ठरावीक अंतराने आडव्या लोखंडी सळ्या असतात. त्या चित्रात दाखवल्या की खिडकीला वजन येतं, शिवाय फ्लॅटच्या मागच्या पट्ट्या लपवायला जागा मिळते. मागून उजेड पडला की प्रत्येक पट्टीची सावली दिसते, तेव्हा पट्टी सळीच्या किंवा रेघेच्या मागेच ठोका.

मी शीटपेक्षा कापड का निवडतो

मोठ्या खिडकीला, सहा-आठ फुटांच्या, मी मांजरपाट घेतो. चमक नाही, तडा जात नाही, आणि गुंडाळलं की नळीएवढं होतं. पन्हा मोठा घ्या, कारण मधला शिवणीचा जोड उजेडात काळी रेघ होऊन दिसतो. जोड टाळता येत नसेल तर तो सळीवर आणा. कापड सहज पेटू नये म्हणून चौकटीवर ताणायच्या आधी ते बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड 7:3 वजनाने पाण्यात विरघळवून त्यात भिजवा आणि वाळवा. मग त्यातला एक तुकडा अंगणात नेऊन काडीपेटीने पेटवून बघा. ज्वाळा काडीसोबतच विझली पाहिजे. त्यानंतर कापड ताणून पातळ खळ मारा. वाळलं की ते ढोलकीसारखं घट्ट होतं आणि रंग पसरत नाही.

रंगवताना मागचा दिवा चालूच ठेवा. ही एक सवय निम्म्या चुका वाचवते. पहिला हात अगदी पाण्यासारखा पातळ द्या, कारण गडद करता येतं, उजळ करता येत नाही. एकाच निळ्याच्या दोन-तीन छटा ठेवा आणि शेजारशेजारचे तुकडे थोडे वेगळे करा. सगळे तुकडे एकसारखे सपाट झाले की मखराची आठवण येते. रेघा सगळ्यात शेवटी, काळ्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून.

चुकीच्या जागी चुकीची खिडकी

गोव्यातलं जुनं चर्च दाखवायचं म्हणून उंच टोकदार कमानीत संतांची रंगीत चित्रं उभी केलेले सेट मी पाहिले आहेत. तो नमुना युरोपातल्या गॉथिक चर्चचा. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असत: लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेले चपटे, अर्धपारदर्शक शिंपले. त्यातून दुधाळ, मऊ उजेड येतो. रंगमंचावर हे रंगीत काचेपेक्षा सोपं आहे. बटर पेपरचे चौकोनी तुकडे थोडे चुरगळून, कडेला किंचित पिवळसर चहाचं पाणी लावून पट्ट्यांमध्ये बसवा. प्रत्येक तुकडा थोडा वेगळा हवा.

गॉथिक खिडकीच हवी असेल तर मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च बघून या. 1858 सालच्या या चर्चमध्ये इंग्लंडहून आणलेली स्टेन्ड ग्लास आहे. जमलं तर एकदा दुपारी जा आणि एकदा दिवेलागणीनंतर. दुपारी आतून खिडकी पेटलेली दिसते, रात्री आतून ती जवळजवळ काळी असते. रात्रीच्या प्रवेशात मेणबत्त्या लावलेल्या आहेत आणि मागे खिडकी झगझगतेय, ही चूक त्यातूनच समजते. रात्र असेल तर मागचा दिवा डिमरवर अगदी खाली आणा, फार तर चांदण्याचा निळसर स्पर्श ठेवा. पहाटेला तीच खिडकी हळूहळू उजळली तर त्या एका क्षणासाठी केलेली सगळी मेहनत वसूल होते.

टेम्पोत चढवताना

खिडकी तुटते ती प्रयोगात नाही, उतरवताना. शीट चौकटीला खिळ्याने ठोकू नका. भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडा आणि वॉशर लावून हलकं आवळा, म्हणजे धक्क्यात तडा जात नाही. टेम्पोत खिडकी उभीच ठेवा, दोन फ्लॅटच्या मध्ये गोधडी घालून. पेटीत काळी टेप, प्रत्येक रंगाचा एक जादा तुकडा आणि बटर पेपरची एक गुंडाळी असू द्या.

सेट लागला की प्रेक्षागृहाचे दिवे बंद करायला सांगा आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसा. तिथून दिसलेली उजेडाची फट तिसऱ्या घंटेआधी टेपने बंद करता येते.