रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची देखभाल : पहिल्या दिवसापासून रोजच्या निगेपर्यंत

रस्त्यावरचे जखमी किंवा उपाशी कुत्रे घरी आणले की बहुतेक घरांत तासाभरातच दोन गोष्टी होतात : त्याला साबण लावून अंघोळ घातली जाते आणि त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवले जाते. दोन्हींमागे माया असते, पण त्या वेळी दोन्ही टाळायला हव्यात. अशक्त कुत्र्याच्या अंगातली ऊब अंघोळीने निघून जाते आणि गायी-म्हशीच्या दुधाने अनेक कुत्र्यांना जुलाब होतात. म्हणून आधी सुरक्षितपणे पकडणे, मग ऊब व पाणी, मग डॉक्टर, त्यानंतर बेताने अन्न आणि शेवटी अंघोळ हा क्रम पाळावा.

पकडण्यापूर्वी दोन मिनिटे लांबून पाहावे. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, चाल अडखळते आहे किंवा कुत्रे विनाकारण दिसेल त्याला चावते आहे, असे आढळल्यास त्याला हात लावू नये. नगरपालिकेला किंवा पंचायतीला कळवावे. रेबीज झालेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, त्यामुळे घशात हाडूक अडकल्यासारखे वाटते आणि एखादा भला माणूस ते काढायला तोंडात हात घालतो. हे कधीही करू नये. चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखमेवर चुना, मिरची किंवा हळद भरू नये.

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी, संकेश्वर ते बेळगाव या पट्ट्यात वाहनाची धडक बसलेली कुत्री नेहमी दिसतात. अशा कुत्र्याला पायाला धरून ओढू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर सरकवून उचलावे, कारण मणक्याला मार असेल तर ओढल्याने तो वाढतो. वेदनेत असलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते, म्हणून ओढणीचे सैल मुसके बांधावे. मात्र ते उलटी करत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर मुसके बांधू नये. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक 1962 आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावातून फोन करताना तालुका आणि जिल्हा आधी सांगावा, म्हणजे वेळ जात नाही.

घरी आणल्यावर त्याला इतर जनावरांपासून वेगळ्या, कोरड्या जागी गोणपाटावर ठेवावे आणि किमान दोन आठवडे तसेच राहू द्यावे. पिल्लांमधला पार्व्हो हा आजार उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरात पाणी कमी आहे. गार पडलेल्या पिल्लाला आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावे. अंग उबदार होण्यापूर्वी काही पाजू नये. फार दिवस उपाशी असलेल्या मोठ्या कुत्र्याला एकदम पोटभर खायला घालणे धोक्याचे असते, त्यामुळे मऊ भात आणि बिनमिठाचे शिजवलेले चिकन दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. त्यावर फिनेल, रॉकेल किंवा डांबरगोळ्यांची पूड टाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ही विषे जखमेतून थेट रक्तात जातात. अळ्या डॉक्टरांकडूनच काढून घ्याव्यात.

लसीचे वेळापत्रक सोपे आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित बूस्टर द्यावे. खानापूरसारख्या भातशेतीच्या, पाणथळ भागात लेप्टोस्पायरोसिसची लस आवर्जून मागावी. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो.

आता गोचिडांविषयी जरा सविस्तर, कारण आपल्या सीमाभागात अनेक कुत्री गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराने दगावतात. रोज संध्याकाळी उजेडात बसून कुत्र्याच्या अंगावरून केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवावीत. कानाच्या पाळीची आतली बाजू, पट्ट्याखालची मान, काखा, शेपटीचे मूळ आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या या जागा चुकवू नयेत. तिळाएवढा कडक कण लागला, तर केस बाजूला सारून पाहावे. बारीक चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. बोटांनी चिरडू नये. निपाणीकडे तंबाखू घरोघरी सापडते, म्हणून तंबाखूचे पाणी लावण्याचा मोह होतो, पण निकोटिन कातडीतून भिनते आणि कुत्रे चाटूनही ते पोटात घेते. गोठ्यातले जनावरांचे गोचिडांचे औषधही अंदाजाने लावू नये. कुत्र्यासाठीचे थेंब किंवा गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्यावी. गोचिडी भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून कुत्र्याची झोपण्याची जागाही साफ करावी लागते. कुत्र्याने जेवण सोडले, अंग तापले (38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस हे नेहमीचे तापमान), हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद लाल झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नये.

अंघोळ महिन्यातून एकदा पुरेशी होते. पाणी कोमट आणि शाम्पू कुत्र्यांचाच असावा; कानात कापसाचे बोळे ठेवावेत आणि नंतर अंग पूर्ण कोरडे करावे, कारण ओलसर केसांखाली बुरशी धरते. मुधोळ जातीच्या कुत्र्यांचे केस आखूड आणि अंगावर चरबी कमी असते. त्यांना मऊ रबरी ब्रश वापरावा आणि थंडीत झूल घालावी. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डचे केस उन्हाळ्यात भादरू नयेत, कारण तेच त्यांना उन्हापासून वाचवतात. फरशीवर नखांचा टकटक आवाज येऊ लागला की नखांची फक्त टोके कापावीत. काळ्या नखातली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून तिथे जरा जरा करूनच कापावे.

खाण्यात चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे वर्ज्य आहेत. अथणीकडे बेदाणे वाळवण्याच्या रॅकखाली सांडलेले दाणे कुत्री वेचतात, तिथे विशेष लक्ष द्यावे. पाहुण्यांनी मायेने भरवलेला कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, तीही नको.

कुत्रे सावरले की नसबंदी करून घ्यावी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरण झालेले रस्त्यावरचे कुत्रे, रेबीज किंवा आक्रमकपणाची शंका नसेल तर, सहसा मूळ जागीच सोडले जाते. दत्तक द्यायचे असेल, तर नव्या घराला लसीचे कार्ड द्यावे आणि त्यावर लसीचे स्टिकर, तारीख व डॉक्टरांचा शिक्का असल्याची खात्री करावी. कुत्रे कोल्हापूर किंवा चंदगडकडे जाणार असेल, तर तिथल्या डॉक्टरांना कन्नडमधले टिपण वाचता येईलच असे नाही, म्हणून औषधांची नावे आणि पुढच्या डोसची तारीख मराठीतही लिहून द्यावी.