कणकवली ते लंडन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

तिकिटावर असतं: मुंबईहून दुपारी 1 ला सुटणार, लंडनला संध्याकाळी 6 ला पोचणार. लेकाकडे पहिल्यांदाच निघालेले आईबाबा वजाबाकी करतात आणि पाच तास धरतात. विमानात बसायचं असतं साडेदहा तास. मधुमेह किंवा गुडघेदुखी असलेल्या माणसाला हा फरक जड जातो, त्यामुळे हिशेब घरीच करून ठेवा.

आधी अंतर काढा. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. गोलाचा व्यास 30 सेंमी असेल तर 1 सेंमी म्हणजे सुमारे 425 किमी. दोरा 17 सेंमी भरतो, म्हणजे साधारण 7,200 किमी. नकाशावर पट्टीनं आखलेली रेघ तुर्कस्तान-सीरियाकडून जाते, तर दोरा तिच्या उत्तरेला आर्मेनिया-जॉर्जियाजवळून युक्रेनवर जातो. सगळ्यात जवळची वाट हीच, पण ती विमानाला मिळतेच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं स्वतःचं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. मग वळसा आलाच.

आता वेळ. अंतराला 850 नं भागा, कारण मोठी जेट विमानं ताशी साधारण तेवढी जातात. साडेआठ तास येतात. विमानाच्या आकाशात चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. वारा आणि वळसा धरून जाताना दहा-साडेदहा तास, येताना नऊच्या आसपास धरा.

तिकिटाशी पडताळायचं तर घड्याळातला फरक लक्षात घ्या. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. वरचं तिकीट हिवाळ्यातलं आहे: 5 अधिक साडेपाच, साडेदहा तास.

घरापासूनचा वेळ मात्र बहुतेकजण मोजतच नाहीत. कणकवलीहून मुंबईला रेल्वेनं साधारण आठ तास, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं. म्हणजे विमान सुटायच्या आधीच अकरा तास गेले! माझं मत स्पष्ट आहे: वयस्कर माणसांनी आदल्या दिवशी मुंबई गाठावी आणि नातेवाइकांकडे रात्रभर झोप घ्यावी. गणपतीत तर यात तडजोड नकोच.

सावंतवाडी-बांद्याकडच्यांना गोव्यातलं मोपा विमानतळ जवळ पडतं. तिथून तिकीट काढलंत तर नुसतं ‘गोवा’ वाचून निघू नका. गोव्यात दोन विमानतळ आहेत, तिकिटावरचा कोड बघा: जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा, जीओआय (GOI) म्हणजे दाबोळी.